भाड्याच्या घरातील झिजलेली ओकची जमीन: दोन भाडेकरूंमधल्या दहा दिवसांत काय करावे?

दुमजली (३ ऑगस्ट २०२५)

नमस्कार. न्यू जर्सीमध्ये आमचे १९२६ साली बांधलेले दुमजली घर आहे. वर आम्ही राहतो आणि खालचा मजला भाड्याने देतो. गेली सहा वर्षे खाली राहणारे कुटुंब २१ ऑगस्टच्या संध्याकाळी जागा सोडणार आहे आणि नवे कुटुंब १ सप्टेंबरला सकाळी सामान घेऊन येणार आहे. त्यांच्या सध्याच्या घराचा करार ३१ ऑगस्टला संपतो. त्यांना लहान मुलासह एक-दोन दिवस कुठेतरी काढायला सांगणे मला अजिबात योग्य वाटत नाही, म्हणून ही तारीख पक्की धरावी.

खालच्या मजल्याची जमीन लाल ओकच्या सव्वादोन इंच रुंद पट्ट्यांची आहे. हॉल, बोळ आणि दोन झोपायच्या खोल्या मिळून सुमारे ५२५ चौरस फूट होतात, त्यांपैकी हॉल आणि बोळ २८५ च्या आसपास आहेत. झोपायच्या खोल्यांत चमक गेली आहे आणि बारीक ओरखडे आहेत, परंतु लाकूड उघडे पडलेले दिसत नाही. हॉलची अवस्था वेगळी आहे. मुख्य दारापासून स्वयंपाकघराकडे जाण्याच्या वाटेवर वरचा थर पूर्ण झिजून लाकूड राखाडी झाले आहे, खोली तापवणाऱ्या जुन्या वाफेच्या रेडिएटरच्या पायाशी काळा डाग आहे आणि खिडकीजवळ, जिथे कुत्र्याची गादी असे, तिथे हातभर लांबीचा आणखी एक काळसर पट्टा आहे.

माझ्यासमोर दोन मार्ग आहेत. एक, यंत्र भाड्याने आणून सगळी जमीन घासून काढावी आणि नव्याने पॉलियुरेथेन (व्हार्निशसारखा पारदर्शक संरक्षक थर) लावावे. दुसरा, वरवर घासून फक्त त्याचा एक हात, म्हणजे एकच थर, द्यावा. यंत्राचे काम मी कधी केलेले नाही, मात्र हाताने काम करायची सवय आहे आणि आठवडाभराची रजा घेता येईल. आणखी एक अडचण म्हणजे २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी आहे. वरच्या मजल्यावर दीड दिवसाचा गणपती असतो आणि पंचवीस-तीस माणसे येतात. त्या दिवशी खालून उग्र वास यावा किंवा यंत्र घरघरावे, हे शक्य नाही. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बिऱ्हाड (३ ऑगस्ट २०२५)

नमस्कार. मॅसॅच्युसेट्समध्ये आमचे तीन मजली जुने घर आहे आणि गेल्या बारा वर्षांत त्यातल्या जमिनी मी पाच वेळा दुरुस्त करून घेतल्या आहेत किंवा स्वतः केल्या आहेत, त्या आधारावर लिहिते.

आपण दिवस मोजताना घासण्याचे दिवस मोजत आहात. मोजायचे असतात ते वाळण्याचे दिवस. घासणे माणसाच्या हाती असते, एक तास जास्त राबले की काम पुढे सरकते, परंतु वाळणारा थर आपल्यासाठी घाई करत नाही. पाण्यातले पॉलियुरेथेन साधारण दोन ते तीन तासांत दुसऱ्या हाताला तयार होते, २४ तासांनी मोजे घालून त्यावर चालता येते, फर्निचर ठेवायला किमान ७२ तास लागतात, आणि गालिचा अंथरायला एक ते दोन आठवडे थांबावे लागते. तेलातले पॉलियुरेथेन लावले तर प्रत्येक हातामध्ये जवळजवळ एक दिवस जातो, फर्निचरला चार दिवस तरी द्यावे लागतात आणि वास कित्येक दिवस रेंगाळतो. डब्यावर लिहिलेल्या वेळा सुमारे ७० अंश फॅरनहाइट आणि मध्यम दमट हवेसाठी असतात. आपल्याकडच्या ऑगस्टमध्ये एसी बंद असेल तर त्या दीडपट धराव्यात. म्हणून १ सप्टेंबरच्या सकाळपासून मागे मोजत या. शेवटचा हात २६ तारखेच्या संध्याकाळी संपला पाहिजे, म्हणजे चतुर्थीच्या दिवशी खाली कोणी पाऊलही टाकणार नाही, जमीन शांतपणे वाळेल आणि आपल्याला पूजेला वेळ मिळेल. २८ ते ३१ हे चार दिवस हाती राखून ठेवा. ते चुका निस्तरायला लागतात, आणि पहिल्यांदाच काम करणाऱ्याला हमखास लागतात.

झोपायच्या खोल्यांसाठी माझे मत स्पष्ट आहे: पूर्ण घासू नका. बफर यंत्राखाली (जमिनीवर आडवी चकती फिरवणारे यंत्र) बारीक जाळीदार घासपट लावून जुना थर फक्त खरवडायचा, धूळ पूर्ण टिपायची आणि एक हात द्यायचा. दोन खोल्यांना हे काम एका दिवसाचे आहे. एकच अट आहे, आणि ती पाळली नाही तर सगळी मेहनत वाया जाते. जुन्या थरावर मेण किंवा बाजारी चमकद्रव्य असता कामा नये. पाण्याचे दोन-चार थेंब टाकून दहा मिनिटे थांबा. थेंबांखाली पांढरट ठसा उमटला तर मेण आहे असे समजा. पांढऱ्या फडक्यावर थोडे मिनरल स्पिरिट (तेली रंग पातळ करण्याचे द्रव्य) घेऊन चोळून पाहा. फडके पिवळसर-तपकिरी आणि चिकट झाले तरी उत्तर तेच. मेणावर पॉलियुरेथेन धरत नाही, सापाच्या कातेसारखे सुटून येते. १९२६ च्या घरात कधी ना कधी मेण लावले गेले असण्याची शक्यता बरीच आहे.

हॉललाही मी खरवडून दोन हातच देईन. राखाडी भाग थोडा गडद दिसेल, परंतु जमीन बंदिस्त होईल आणि पूर्ण काम पुढच्या वेळी निवांत करता येईल.

सुतारपेठ (४ ऑगस्ट २०२५)

वरील प्रतिसादातील दिवसांचा हिशेब अचूक आहे आणि झोपायच्या खोल्यांबद्दलचा सल्लाही योग्य आहे. हॉलबद्दल मात्र मी सहमत नाही. माझे वडील चिपळूणला सुतारकाम करत, मी गेली अठरा वर्षे पेनसिल्व्हेनियात लाकडी जमिनींचेच काम करतो, आणि राखाडी झालेल्या लाकडावर सरळ हात देऊन नंतर पस्तावलेली अनेक घरे मी पाहिली आहेत. राखाडी रंगाचा अर्थ असा की वरचे तंतू पाण्याने आणि उन्हाने मेलेले आहेत. मेलेल्या तंतूंवर बसवलेला थर त्या तंतूंनाच धरून राहतो आणि ते तंतू सुटले की त्यांच्याबरोबर सुटतो. शिवाय मळ आत कायमचा बंद होतो. तेव्हा हॉल आणि बोळ पूर्ण घासावेत, खोल्या फक्त खरवडाव्यात. सगळे घर एकाच पद्धतीने करायला हवे असे कोणतेही बंधन नाही, आणि दहा दिवसांत तर ते करूच नये.

पण घासण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतील.

पहिली गोष्ट म्हणजे लाकूड किती उरले आहे. पाऊण इंच जाडीच्या पट्टीत एका पट्टीची जीभ शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसते आणि जिभेच्या वर जेमतेम पाव इंच लाकूड असते. तेवढेच काय ते आपले भांडवल. प्रत्येक पूर्ण घासणीत इंचाचा बत्तिसावा भाग तरी जातो आणि हात कच्चा असेल तर त्याच्या दुप्पट जातो. शंभर वर्षांच्या घरात किती घासण्या झाल्या हे लाकडालाच विचारावे लागते. ज्या घरांत गरम हवेच्या जाळ्या असतात तिथे जाळी उचलली की पट्टीची कड दिसते. आपल्याकडे वाफेचे रेडिएटर आहेत, म्हणून पाइप जमिनीतून वर येतो तिथली धातूची चकती वर सरकवून बॅटरीच्या उजेडात कड पाहावी. ते जमले नाही तर दोन पट्ट्यांमधल्या फटीत पातळ कार्ड जिभेला टेकेपर्यंत घालून खूण करावी आणि मोजावे. इंचाच्या आठव्या भागाहून कमी लाकूड उरले असेल तर ड्रमचे यंत्र (फिरत्या दंडगोलावर घासपट लावलेले घासणीचे यंत्र) विसरावे. पट्ट्यांच्या तोंडावर खिळे दिसतात का, हेही पाहावे. एक-दोन ठिकाणी दिसले तर ती जुनी दुरुस्ती असेल. सगळीकडे जोडीजोडीने, सरळ रांगेत दिसत असतील तर ती वरून ठोकलेली पाच सोळांश इंचाची पातळ जमीन आहे आणि तिचा विचार वेगळा करावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि माझी कळकळीची विनंती आहे की ती वेळ वाचवण्यासाठी टाळू नये. अमेरिकेत घरगुती रंगात शिसे वापरण्यावर १९७८ साली बंदी आली. आपले घर त्याच्या बावन्न वर्षे आधीचे आहे. जुना रंग, जुने व्हार्निश आणि फटींत बसलेली जुनी धूळ यांत शिसे असू शकते, आणि येणाऱ्या कुटुंबात लहान मूल आहे, जे याच जमिनीवर रांगणार आणि तेच हात तोंडात घालणार. १९७८ पूर्वीच्या भाड्याच्या घरात असा थर छेडणारे काम प्रमाणित माणसानेच करावे असा केंद्रीय नियम २०१० पासून लागू आहे आणि स्वतःच्या भाड्याच्या जागेत स्वतः काम करणाऱ्या मालकालाही तो लागू होतो. न्यू जर्सीत तर जुलै २०२२ पासून अशा भाड्याच्या घरांची शिशासाठी तपासणीही सक्तीची झाली आहे. आजच परवानाधारक तपासनीसाला बोलवा. जमिनीवरच्या थराची आणि भिंतीलगतच्या स्कर्टिंगची, अशी दोन्हींची चाचणी करून घ्या. जमिनीचा अहवाल स्वच्छ आला तर आपल्या हाताने काम करायची वाट मोकळी होते.

दुमजली (१० ऑगस्ट २०२५)

दोघांचेही मनापासून आभार. खालच्या कुटुंबाची रीतसर परवानगी घेऊन, त्यांना सोयीच्या वेळी तपासण्या केल्या. निष्कर्ष असे आहेत.

रेडिएटरच्या पाइपपाशी पट्टीची कड दिसली. जिभेच्या वर पाव इंचाला किंचित कमी, म्हणजे सुमारे इंचाचा पंचमांश लाकूड शिल्लक आहे. खिळे फक्त मुख्य दाराजवळ चार ठिकाणी दिसतात. तपासनीसाच्या अहवालानुसार जमिनीवरच्या थरात शिसे आढळले नाही, परंतु स्कर्टिंगच्या पांढऱ्या रंगात आढळले. रंग कुठेही सुटलेला नाही.

पाण्याच्या थेंबांचे ठसे खोल्यांत उमटले नाहीत. लहान खोलीच्या कपाटात, आतल्या कोपऱ्यात हातभर जागा खरवडून पॉलियुरेथेनचा एक हात दिला, दोन दिवसांनी नाण्याच्या कडेने ओरबाडले आणि चिकटपट्टी लावून ओढली, तरी थर जागचा हलला नाही. त्यावरून दोन्ही खोल्यांना फक्त एक हात द्यायचे ठरवतो आहे.

हॉलसाठी तीन कंपन्यांना विचारले. महिनाअखेर असल्याने दोघांकडे तारीख नाही. तिसऱ्या, शिशाच्या कामासाठी प्रमाणित असलेल्या कंपनीने २३ आणि २४ ऑगस्ट हे दोन दिवस केवळ घासण्यासाठी देऊ केले आहेत. थर देणे मला स्वतः करावे लागेल. आता दोन प्रश्न उरतात: काळ्या डागांचे काय करावे, आणि नव्याने घासलेला हॉल फिकट दिसून जुन्या पिवळसर खोल्यांशी विसंगत दिसेल त्याला काही उपाय आहे का?

सुतारपेठ (१० ऑगस्ट २०२५)

ते दोन दिवस ताबडतोब पक्के करा. स्कर्टिंगमध्ये शिसे असताना कडा घासण्याचे यंत्र नवख्या हाती देणे मला मान्य झाले नसते. ते यंत्र क्षणभर भिंतीकडे सरकले की पांढरा रंग उडून खोलीभर पसरतो. प्रमाणित माणसे स्कर्टिंगला पट्टी लावून, शेवटचा अर्धा इंच हाताच्या खरवडणीने काढतील आणि यंत्राला धूळ ओढणारी योग्य गाळणी जोडतील. काम सुरू होण्यापूर्वी हे त्यांच्याकडून बोलून घ्या.

आता डाग. दोन्ही काळे असले तरी त्यांची कारणे वेगळी आहेत. ओकच्या लाकडात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. रेडिएटरमधून ठिबकलेल्या गंजक्या पाण्यातल्या लोखंडाची या टॅनिनशी प्रक्रिया होते आणि शाईसारखा काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई याच रसायनाने करत असत. हा डाग घासल्यानंतर ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने बहुतांश निघतो. स्फटिक गरम पाण्यात विरघळवून, हातमोजे आणि चष्मा घालून, फक्त डागावर नव्हे तर त्या पट्ट्यांच्या पूर्ण लांबीवर लावावे, नाहीतर डागाच्या जागी गोरा ठिपका दिसतो. वाळल्यावर राहणारी पांढरी भुकटी कोरड्या अवस्थेत मुळीच घासू नये, ती श्वासात जाणे घातक आहे. दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे. लाकूड ओले झाल्यामुळे त्यानंतर किमान एक रात्र, शक्यतो पूर्ण दिवस, वाळू द्यावे लागते. आपल्या वेळापत्रकात हा दिवस आहे का, याचा विचार करा. माझ्या मते आहे, जर द्रावण २४ तारखेच्या दुपारी घासणी संपताच लावले आणि पहिला हात २५ तारखेच्या संध्याकाळी दिला.

कुत्र्याच्या मूत्राचा डाग मात्र या आम्लाला फारशी दाद देत नाही. तो पट्टीत खोल उतरलेला असतो आणि त्यावर दिवस घालवणे व्यर्थ आहे. तेवढ्या पट्ट्या बदलून टाकाव्यात. सव्वादोन इंची लाल ओक आजही सर्रास मिळतो, परंतु नवा ओक शंभर वर्षांच्या ओकशेजारी लगेच ओळखू येतो. म्हणून कपाटाच्या आतल्या जमिनीतून सहा-सात जुन्या पट्ट्या अलगद काढून हॉलमध्ये बसवा आणि नवा माल कपाटात घाला, जिथे तो कोणाच्या नजरेला पडणार नाही. खराब पट्टी मधोमध चिरून पटाशीने तुकड्यांत काढायची, बसवायच्या पट्टीच्या खाचेचा खालचा ओठ तासून टाकायचा, म्हणजे ती वरून आत बसते, मग सरस आणि दोन बारीक खिळे. हे काम २२ तारखेलाच, घासणीच्या आधी झाले पाहिजे, कारण बदललेली पट्टी शेजारच्या पट्ट्यांच्या पातळीत फक्त घासणीनेच येते. त्याच दिवशी वर आलेले सर्व खिळे ठोकून इंचाच्या आठव्या भागाइतके खाली बसवा. एक उघडा खिळा घासपट फाडतो आणि ठिणगीही पाडतो.

फटींविषयी एक सूचना. ऑगस्टमध्ये लाकूड फुगलेले असते, त्यामुळे आज ज्या फटी दिसतात त्या खऱ्या फटी आहेत आणि त्यांत लांबी (पुट्टी) भरायला हरकत नाही. हिवाळ्यात, वाफेचे रेडिएटर तापून हवा कोरडी झाल्यावर दिसणाऱ्या फटी कधीही भरू नयेत. पुढच्या पावसाळी हवेत पट्ट्या फुगतात आणि भरलेली लांबी ढेकळासारखी वर ढकलली जाते.

रंगाच्या विसंगतीवर माझा आवडता उपाय लाखेचा आहे. मेण काढलेली लाख स्पिरिटमध्ये (म्हणजे अल्कोहोलमध्ये, मिनरल स्पिरिटमध्ये नव्हे) विरघळवून पहिला पातळ हात दिला की लाल ओकला जुन्या थरासारखी उबदार पिवळसर छटा येते, तो तासाभरात वाळतो, आणि त्यावर पाण्यातल्या पॉलियुरेथेनचे तीन हात देता येतात. आमच्या वडिलांच्या कारखान्यात चपडा लाखेच्या पॉलिशचा वास कायम असे, कदाचित म्हणून माझा ओढा तिकडे असेल, परंतु जुन्या-नव्याचा सांधा जुळवण्यासाठी माझा तरी लाखेवर सर्वांत जास्त भरवसा आहे. लाख ‘मेण काढलेली’ असल्याची डब्यावर खात्री करा, साध्या लाखेतले मेण पॉलियुरेथेनला धरू देत नाही. स्पिरिटची वाफ पेट घेते, तेव्हा लाख लावून वाळेपर्यंत खालच्या शेगडीची आणि पाणी तापवण्याच्या यंत्राची ज्योत बंद असावी, खिडक्या उघड्या असाव्यात, आणि वर समई किंवा निरांजन पेटलेले नसावे. हे काम २५ तारखेला होत असल्याने पूजेला त्याचा अडथळा होणार नाही.

आणखी एक गोष्ट त्या कंपनीलाही बजावून सांगा. घासलेला भुसा यंत्राच्या पिशवीत किंवा तळघरात रात्रभर ठेवू नये. जुन्या थराची पूड मिसळलेला भुसा साठून राहिला की आपोआप तापतो आणि पेटतो. पिशवी दर थोड्या वेळाने रिकामी करून भुसा धातूच्या झाकणबंद डब्यात, घराबाहेर, भिंतीपासून दूर ठेवावा.

भाडेकरू (११ ऑगस्ट २०२५)

मी मालक नाही, जर्सी सिटीमध्ये नऊ वर्षे भाड्याने राहते, आणि तीन वर्षांपूर्वी ताज्या जमिनीच्या घरात राहायला आले होते. त्या बाजूने दोन शब्द लिहावेसे वाटतात.

आमच्या त्या वेळच्या मालकांनी जमीन कालच झाली आहे हे आम्हाला सांगितले नाही. आम्ही पहिल्याच दिवशी रबराचे अस्तर असलेला गालिचा अंथरला. दोन महिन्यांनी तो उचलला तेव्हा त्याच्या जाळीची नक्षी जमिनीवर उमटलेली होती, आणि जागा सोडताना त्याचे पैसे आमच्या अनामत रकमेतून कापले गेले. आपण कृपया नव्या कुटुंबाला आत्ताच पत्र लिहा: शेवटचा हात कधी दिला, गालिचा किती तारखेपर्यंत अंथरू नये, फर्निचर ओढू नये तर उचलून ठेवावे, पहिला महिना ओले पुसणे टाळावे. खुर्च्या-टेबलांच्या पायांना लावायच्या वुलनच्या चकत्या स्वतः आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा. पाच-दहा डॉलरची ती गोष्ट आहे आणि तिने आपल्या जमिनीचे आयुष्य वाढेल.

सोडून जाणाऱ्या कुटुंबाविषयीही. सहा वर्षांच्या वावराने दारासमोरची वाट झिजली, ती नैसर्गिक झीज आहे आणि तिचा खर्च अनामत रकमेतून घेता येत नाही. रेडिएटर गळत होता, तर तो डागही त्यांचा नाही. कुत्र्याच्या डागाचा खर्च मागता येईल, परंतु न्यू जर्सीत ३० दिवसांच्या आत तपशीलवार हिशेबासह उरलेली रक्कम परत करावी लागते. २१ तारखेला त्यांच्यासमोरच फोटो काढून ठेवा, कारण २३ तारखेला यंत्र फिरले की पुरावा भुशाबरोबर जाईल.

बिऱ्हाड (११ ऑगस्ट २०२५)

हॉलबद्दल माझे मत मी मागे घेते. तंतूंचा मुद्दा मला पटला, आणि आमच्या जिन्यावरचा थर तीन वर्षांत का सुटला याचे कारणही आत्ता उमगले.

थर देण्याविषयी थोडे लिहिते, कारण ते काम आपण स्वतः करणार आहात. हॉल आणि बोळासाठी दोन गॅलन आणि खोल्यांसाठी अर्धा गॅलन लागेल, तीन आणून ठेवा. मधेच संपून दुकानात धावावे लागले तर ओली कड वाळते आणि सांध्याची रेघ आयुष्यभर दिसते. डबा हलवू नका, काठीने सावकाश ढवळा, नाहीतर बुडबुडे जमिनीवर उतरतात. दोन हातांमध्ये अगदी बारीक घासपट फिरवून धूळ ओल्या फडक्याने टिपावी. पाण्यातल्या थरासाठी पोलादी लोकर वापरू नका, तिचे कण गंजून तांबूस ठिपके पडतात. एसी चालू ठेवा, पंख्याचा झोत मात्र ओल्या थरावर सोडू नका. आणि सुरुवात खिडकीकडून करून दाराकडे मागे सरकत या. हे सांगायची गरज नाही असे वाटते, पण रात्री दहा वाजता दमलेल्या माणसाला याचाच विसर पडतो.

कपाटातल्या चाचणीबद्दल मला थोडी शंका आहे. कपाटाच्या कोपऱ्यात कोणी फरशी पुसत नाही. चमकद्रव्य साचले असेल तर ते खोलीच्या मध्यभागी साचलेले असेल. तिथे पुन्हा एकदा चाचणी करून पाहाल का?

दुमजली (२ सप्टेंबर २०२५)

कामाचा वृत्तांत लिहायचा राहिला होता, तो आज लिहितो.

मध्यभागी चाचणी करण्याचा सल्ला मी २१ तारखेच्या रात्री, घर रिकामे झाल्यावर पाळला, आणि त्याने मोठे नुकसान टळले. लहान खोलीत थर घट्ट बसला. मोठ्या खोलीत मध्यभागी दिलेला हात २४ तासांनी चिकटपट्टीबरोबर कागदासारखा सुटून आला. सोडून गेलेल्या कुटुंबाला फोन केला तेव्हा कळले की त्या खोलीत दर महिन्याला चमक आणणारे द्रव्य वापरले जाई. ते पूर्ण काढून पुन्हा चाचणी करण्याइतके दिवस उरले नव्हते, म्हणून मोठी खोली या वेळी केवळ स्वच्छ पुसून तशीच ठेवली. नव्या कुटुंबाला ती दाखवून कारण सांगितले आणि पुढे ते सुट्टीवर जातील तेव्हा त्यांच्या सोयीने ती करायचे ठरले.

कपाटातल्या जुन्या पट्ट्या हॉलमध्ये बसवायला दोन तास लागतील असे वाटले होते, प्रत्यक्षात २२ तारखेचा सबंध दिवस गेला. पहिल्या दोन पट्ट्या काढताना माझ्या हातून चिरल्या. तरी सहा नीट निघाल्या आणि आता त्या कोणत्या हे मलाही खाली वाकून शोधावे लागते. कंपनीने २३ आणि २४ ला घासणी केली, स्कर्टिंग झाकून आणि कडा हाताने काढून. रेडिएटरचा डाग आम्लाने पूर्ण गेला नाही. काळ्याचा फिकट तपकिरी झाला, तेवढ्यावर मी थांबलो. लाखेचा हात २५ च्या संध्याकाळी दिला आणि रात्री उशिरा पॉलियुरेथेनचा पहिला. २६ ला हवा इतकी दमट होती की एसी चालू असूनही दुसरा हात वाळायला तीनऐवजी पाच तास लागले, त्यामुळे तिसरा रात्री साडेदहाला संपला. दार ओढून घेतले, ते २८ च्या सकाळीच उघडले. लहान खोलीचा एक हात २९ तारखेला सकाळी दिला. त्या खोलीला जेमतेम तीन दिवस मिळाले, म्हणून तिच्यातले जड कपाट ३ तारखेपर्यंत हॉलमध्ये ठेवायला नव्या कुटुंबाने आनंदाने मान्यता दिली.

दारातून पाहिले तर हॉल आणि लहान खोली यांच्या रंगात फरक जाणवत नाही. उंबरठ्याच्या पट्टीपाशी बसून पाहिले तर थोडा जाणवतो. वुलनच्या चकत्या ओट्यावर ठेवल्या होत्या आणि काल दुपारी त्यांचा मुलगा त्या खुर्च्यांच्या पायांना चिकटवण्यात गुंतला होता. गालिचे गुंडाळून मोठ्या खोलीत उभे ठेवले आहेत. ते १२ सप्टेंबरनंतर अंथरायचे, असे पत्रात लिहून दिले आहे.